रात्रीच्या आतल्या कुलपाबद्दल

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि आई लगेच जेवलास का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतोय, दोघांनी नीट वाचा.

मागच्या शनिवारी मी पहाटेच्या गाडीनं सांगलीत उतरलो, साडेचारला दारात, लाईट गेलेली. बाबा उठले आणि चॅनल गेटचं आतलं कुलूप उघडायला लागले. अकरा मिनिटं लागली, मी मोबाईलमध्ये बघितलंय. किल्ली उशीखाली नव्हती, देवघरात नव्हती, शेवटी आईला फ्रीजवर सापडली, मग ती कुलपात जाईना, बाबांचा हात थरथरत होता आणि मी बाहेरनं गजांतून टॉर्च धरून उभा. तेव्हा काही बोललो नाही पण ती अकरा मिनिटं डोक्यातनं जात नाहीत. आत धूर झाला असता तर? बाबांच्या छातीत दुखलं असतं आणि आईला शेजारच्या काकांना बोलवावं लागलं असतं तर ते आत येणार कुठनं?

बाबा, तुम्ही उगाच घाबरता असं मी अजिबात म्हणत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, घर तसंच सोडून निघावं लागलं, परत आलो तर दार फुगलेलं आणि खालची कडी गाळानं जाम. तेव्हापासून बोल्ट नीट बसत नाही, म्हणून तुम्ही गेटला आतून एक कुलूप लावलं, मग दुसरं. म्हणजे बिघडलंय दार, आणि आपण वाढवतोय कुलपं.

आजोबांच्या वाड्याचं दार आठवतं का? सागवानी फळ्या, मागं तो जाडजूड अडसर, भिंतीतल्या खोबणीतनं ओढून आडवा टाकायचा. बाहेरनं दहा जणांनी धक्का दिला तरी दार हलायचं नाही आणि आतनं आजी एका हातानं सरकवायची, किल्ली-बिल्ली काही नाही. मला तेच पाहिजे, बाहेरच्याला घट्ट आणि आतल्याला हातासरशी.

तुम्ही म्हणता गोदरेजचं कुलूप आहे, कोण तोडतंय. अर्देशीर गोदरेजांनी 1897 साली मुंबईत लालबागला कुलपं करायला घेतली तेव्हापासूनचा तो विश्वास आहे आणि मलाही आहे, लिव्हरच्या कुलपात प्रत्येक लिव्हर, म्हणजे आतली हलणारी पट्टी, किल्लीनं बरोबर ठरलेल्या उंचीला उचलला गेला तरच खटका सरकतो, एक जरी वरखाली राहिला तरी नाही. पण चोर कशाला लिव्हर मोजत बसतोय, तो पहार घालतो कोयंड्यात! आणि मागच्या दाराचा कोयंडा पुरात भिजलेल्या चौकटीत अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर आहे, मी बोटानं हलवून बघितला, हलतोय. तिथं आरपार नट-बोल्ट पाहिजेत, नट आतल्या बाजूला, आणि बोल्टची डोकी कडी लावल्यावर झाकली जातील असे. नवीन कुलपापेक्षा हे स्वस्तात होतं.

पुढच्या दाराला सुतार रंधा मारेल, बोल्टचं भोक परत जुळवेल आणि एक लॉक बसवू, बाहेरनं किल्ली आणि आतनं फिरवायची मूठ असलेलं. नुसत्या लॅचवर, म्हणजे दार ओढलं की आपसूक लागणाऱ्या खटक्यावर, नको राहायला, त्याची जीभ तिरकी असते, फटीतनं पातळ कार्ड सारलं तर मागं सरकू शकते, म्हणून रात्री मूठ पूर्ण फिरवून जाड खटका टाकायचा. आई, लॅच वाऱ्यानं आपोआप लागतो, तू तुळशीला पाणी घालायला बाहेर आलीस आणि दार लागलं तर काय, म्हणून एक किल्ली शेजारच्या काकूंकडं ठेवू. त्यांच्याशी मी बोललोय.

बाथरूमची कडी मात्र आधी बदलणार. तुझे गुडघे असे, फरशी ओली, आणि आतनं टॉवर बोल्ट, उद्या पाय घसरला तर दार फोडायला लागेल. बाहेरनं नाणं घालून फिरवता येणारी कडी मिळते, तीच आणतोय. मागच्या खोलीच्या खिडकीचं एक ग्रिलही आतनं उघडणारं करून घेऊ.

रविवारी सकाळी सुताराला घेऊनच येतोय, बाबा तेव्हा "कशाला खर्च" म्हणू नका प्लीज. तोपर्यंत गेटच्या कुलपाची किल्ली लाल दोऱ्यात ओवून आतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगा, बाहेरनं हात घालून पोचणार नाही अशी, आणि तिथंच टॉर्च. आज रात्रीच टांगा आणि मला फोन करा, मी जागा आहे.

तुमचा,
बाळू