पुनवेला येत नाही, आई

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आपल्याकडच्या हायर सेकंडरीतल्या नोकरीला मी नकार कळवला आहे. पत्र काल गेलं. हे सुरुवातीलाच लिहिते, नाहीतर आई शेवटपर्यंत तेच शोधत वाचेल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं" म्हणून गप्प होतात, आई "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहून जातो.

नोकरी पर्मनंट होती, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती, दुपारी आईच्या हातची कढी मिळाली असती. यातलं काहीही मी विसरलेले नाही. पण त्यांना मी दसऱ्याच्या आत रुजू व्हायला हवी होते, म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल सीझन अर्ध्यावर टाकून. माझ्या मुली सांगे, केपे, काणकोणहून येतात. त्यांच्या आया त्यांना संध्याकाळी मैदानावर थांबू देतात, कारण शेवटची कदंबा बस सुटेपर्यंत मॅडम स्टँडवर उभ्या असतात हे त्यांना ठाऊक आहे. मी गेले तर दुसरा कोणीतरी येईल, चांगलाही असेल, पण तो येईपर्यंत निम्म्या मुली घरी बसतील. एकदा घरी बसलेली मुलगी परत मैदानावर येत नाही, हे मी प्रत्येक वर्षी बघते. कॉलेजातलं काम कंत्राटी आहे, बाबांना त्याची धास्ती वाटते, तेही कळतं. खोलीचं भाडं, बाबांची औषधं आणि थोडी शिल्लक, एवढं त्यातून नीट भागतं. आणि पुन्हा जागा निघाली की मी अर्ज करीन.

आता सीझनचं सांगते, बाबा वाट बघत असतील. पहिला सामना पणजीच्या एका कॉलेजकडून तीन गोलांनी हरलो. पाऊस होता, डी मध्ये चिखल, आमच्या बॅक सगळ्या एका रेषेत उभ्या राहिल्या आणि त्यांची स्ट्रायकर मधून निघून गेली. त्यानंतर मात्र हरलो नाही. फोंड्याविरुद्ध शेवटच्या मिनिटांत कॉर्नरवरून बरोबरी साधली, तेव्हा बेंचवरच्या मुली पाण्याच्या बाटल्यांसकट मैदानात धावल्या आणि रेफरीचं बोलणं मला खावं लागलं. आता उपांत्य फेरीत आहोत.

आमची गोलकीपर केप्याकडच्या एका वाड्यावरची आहे. उंची पाच फुटांच्या थोडी वर, आणि गोल आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच. सगळ्यांनी सांगितलं, हिला विंगवर घाल. पण ती चेंडू येण्याआधी हलत नाही, आणि हे शिकवून येत नाही. सराव संपल्यावर आम्ही दोघी थांबतो. मी पेनल्टी मारते. किक बसेपर्यंत तिचा एक पाय तरी रेषेवर किंवा रेषेमागे हवा असा नियम आहे, म्हणून मी चुन्याची रेषा ताजी मारते आणि नंतर तिच्या बुटाला चुना लागलाय का ते बघते. ओले ग्लोव्हज ती जर्सीला पुसत नाही, दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून पाणी काढते, तसंच दाबून धरते आणि मग मला मान हलवून खूण करते. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमीफायनल फातोर्ड्याला झाल्या, तेव्हाच्या बॅचला मी घेऊन गेले होते. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टीवर ६-५ हरवलं. आमच्या मुली परतीच्या बसमध्ये फक्त गोलकीपरबद्दल बोलत होत्या. ही तेव्हा शाळेत होती. तिने ते बघायला हवं होतं असं मला सारखं वाटतं.

बाबा, तिला मी तुमच्या आवडत्या गोलकीपरबद्दल, ब्रह्मानंद संखवाळकरांबद्दल सांगितलं. १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, हे तिला खरंच वाटेना. चोपड्याच्या फेरीत तुम्ही मला कठड्याला धरून उभी करायचात, तेव्हा शिवोलीला पूल नव्हता, आणि पलीकडचा काठ दाखवून सांगायचात की १८८३ साली इथेच फादर लायन्सनी पोरांपुढे फुटबॉल ठेवला, म्हणून आज तू खेळतेस. फेरी लागेपर्यंत ती गोष्ट पुरायची. कापणी झाल्यावर शेतात भावांबरोबर मला खेळू दिलंत, आजीने नावं ठेवली तरी. आई, गुडघ्यात रुतलेले खुंट तू चिमट्याने काढायचीस आणि उद्या जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाहीस. हे सगळं मी इथे दुसऱ्यांच्या मुलींना देते आहे, एवढंच समज.

आणि म्हणून दसऱ्यानंतरच्या पुनवेच्या जत्रेला येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना आहे. रात्रभर देवळाकडे जागून, पहाटे पेडण्याहून निघून मुलींना उभं करणं जमायचं नाही. भूतनाथाचं तरंग, ती देवाची उंच काठी, रानाकडे धावायला लागलं की मी बाबांच्या खांद्यावर डोळे मिटून घ्यायचे आणि बाबा सांगायचे, उघड आता, परत फिरला. या वर्षी दादाच्या पोराला तसं घेऊ नका, बाबा. खांदा दुखतो. त्याला कट्ट्यावर उभा करा, तिथूनही दिसतं.

माझी काळजी करू नका. मडगावात कोंबला खोली चांगली आहे, गळत नाही, गरम पाणी आहे. घरमालकीण दुपारी शीत-कढी देते, शुक्रवारी बांगडा. तुझ्याइतकी चव नाही, पण ताजा असतो. रात्री मी पेज करून घेते, तू दिलेल्या उकड्याची. बाबांनी बांधून दिलेली 'नवप्रभा'ची रद्दी मुलींच्या बुटांत बोळे करून भरते, सकाळपर्यंत बूट कोरडे होतात. संपत आली आहे, अजून ठेवा.

आता ऐका. बाबांनी तुयेच्या इस्पितळात साखर तपासायची, याच आठवड्यात, उपाशीपोटी, आणि कागदाचा फोटो दादाला पाठवायला सांगायचा. "बरी आहे" चालणार नाही, आकडा हवा. दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड कपाटातल्या निळ्या पिशवीत आहे, त्याची मुदत बघा. आई, विहिरीचं पाणी ओढायचं नाही, पंप कशाला बसवला? गुडघ्याला तेल लावून घे, बाबा लावून देतील, त्यांना तेवढं येतं. चवथीला बाबा गणपतीवरची माटोळी बांधायला स्टुलावर चढले ते मी पाहिलं, तेव्हा काही बोलले नाही. आकाशकंदील मी दिवाळीत येऊन लावीन, त्याआधी कोणी स्टूल काढायचं नाही. दिवाळीत नक्की येते, सगळी सुट्टी.

सामना ताळगावला विद्यापीठाच्या मैदानावर आहे, सकाळी नऊला. जागरण झालं नसेल आणि यावंसं वाटलं तर दादाच्या गाडीतून या, स्कूटरवरून नाही. बाबांनी सकाळची गोळी खाऊन झाल्यावर घ्यायची, गाडीत नाही. आई, टोपी आण त्यांची, तिथे सावली नाही. आणि गोलकीपरच्या मागे उभं राहून तिला सूचना द्यायच्या नाहीत, बाबा. तिला माझा आवाज कळतो.

तुमची,
बाय