कानाचं मशीन येत्या शनिवारी

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

आधी ओरडून घ्या, मग वाचा. बाबांच्या कानाच्या मशीनचे पैसे मी भरलेत, दोन्ही कानांचे. शनिवारी ११ वाजता चिपळूणला बसवायचंय. विचारलं असतं तर बाबा "एका कानाला पुरे" म्हणाले असते. पण एकाच कानाला लावलं तर आवाज कुठून आला ते कळत नाही, चार माणसांत तर आणखीच गोंधळ. आणि आईच्या एका बांगडीहून स्वस्त पडलं, खरंच. रिक्षा सांगून ठेवलीय. सुट्टी नाही म्हणून मी येत नाहीये, रागावू नका. पंधरवड्याने सेटिंगला नक्की येते.

आई, "दूधवाल्याचं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही" हे तुझं म्हणणं खरं आहे. वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ नेमके त्यातले. दूधवाला खर्जात बोलतो, तुझा आवाज पातळ. तू बोललीस हे बाबांना कळतं, काय बोललीस ते नाही. "साखर"ची "भाकर" होते ती अशी. ते मुद्दाम करतात असं इतकी वर्षं वाटत राहिलं असेल तर त्यात तुझी चूक नाही गं. पण ओरडून स्वर वाढतात, व्यंजनं तिथंच राहतात, आणि चेहरा मात्र रागावलेला दिसतो. तेव्हा स्वयंपाकघरातून "अहो, ऐकलंत का" बंद. तीन-चार फुटांवर समोर ये, तोंडावर उजेड असू दे, आधी हाक मार, त्यांनी बघितलं की बोल. नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने नको, शब्द बदल.

बाबा, पंचविशीतले कान काही परत मिळणार नाहीत. पहिले दिवस वर्तमानपत्र कडकडेल, भांडी डोक्यात वाजतील, स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा येईल. इथेच बरीच मशीनं कपाटात जातात. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिला आठवडा रोज दोन-तीन तास, घरातच, आईशी. मग टीव्ही, मग ओटीवरची मंडळी. लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी. काय खटकलं ते वहीत लिहा. आणि न कळता "हो हो" म्हणू नका, निम्मी भांडणं त्याचीच असतात. निसटला तेवढाच शब्द विचारा: "किती वाजता म्हणालीस?"

लाल खुणेचं उजव्या कानाला, निळ्याचं डाव्या. सेल ३१२ नंबरचा, तपकिरी पट्टीचा. पट्टी काढून मिनिटभर थांबा, मग घाला, आठवडाभर जाईल. पट्टी निघाली की सेल न वापरताही संपत जातो, म्हणून सगळे एकदम उघडू नका. फ्रिजमध्येही नकोत. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत. आपल्या पावसाळ्यात एवढं हवंच. शिट्टी वाजली तर नीट बसलेलं नाही किंवा कानात मळ आहे. मळ डॉक्टरांकडेच काढा, काडी घालायची नाही. माझ्या दुखऱ्या कानात कोमट तेल घालून रात्रभर उशाशी बसायचात ना, ते तेलही आता बंद, मशीनची भोकं बुजतात.

तुमची,
बाळी

ता. क. आई, शनिवारी तू सोबत जाच. सेटिंग तुझ्या आवाजावर तपासायला सांगितलंय. हळू बोल, साखरेचंच काहीतरी विचार.