प्रश्न ओढण्याचा नाही, थांबवण्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनावरांचा ट्रेलर जोडायचा म्हणजे पिकअप डिझेलच हवा, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

आधी वजनाची बेरीज करावी. 500 किलोच्या आठ गाई म्हणजे 4 टन आणि 16 फुटी ट्रेलरचे स्वतःचे सुमारे दीड टन. या साडेपाच टनांपैकी 10 ते 15 टक्के, म्हणजे 550 ते 825 किलो, हिचवर, म्हणजे पिकअपमागच्या ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर, येतात आणि पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे तिच्यावर लादता येणाऱ्या एकूण वजनातून, वजा होतात. डिझेल इंजिन मुळात जड, त्यामुळे त्याच मॉडेलमध्ये डिझेलचा पेलोड बहुधा कमी भरतो. जाहिरातीतला ओढण्याचा आकडा बाजूला ठेवून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा स्टिकर वाचावा.

चढावर डिझेल सरस, यात वाद नाही. मिनिटाला 1,600 ते 1,800 फेऱ्यांतच त्याचा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो आणि टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यामुळे, उंचीवरही दम टिकतो. बिनटर्बो पेट्रोल इंजिन दर 300 मीटरला सुमारे 3 टक्के ताकद गमावते. ते 4,000 फेऱ्यांवर ओरडत चढेल, पण चढेल.

खरी परीक्षा उताराची. ट्रेलरमधला माल उभा असतो, पायांवर. जोरात ब्रेक मारला की जनावरे पुढे सरकतात, हिचवरचा भार वाढतो आणि पिकअपची पुढची चाके हलकी पडतात. म्हणून ट्रेलरमधले आडवे फाटक लावलेलेच असावे. टर्बोच्या पात्या मिटवून धूर अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक असेल, तर डिझेल लांब उतारावर वेग छान धरून ठेवते. तो नसलेले जुने डिझेल मात्र इथे पेट्रोलपेक्षाही कच्चे, कारण त्यात हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते. आणि ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकना पर्याय कशाचाच नाही. ट्रेलरचे ब्रेक किती जोराने लागावेत हे ठरवणाऱ्या कंट्रोलरचा जोर भरलेल्या ट्रेलरसाठी वेगळा, रिकाम्यासाठी वेगळा लावावा. भरलेल्याचा तसाच ठेवला तर रिकाम्या ट्रेलरची चाके जाम होतात.

दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्या आणि मध्ये तासभर उभ्या गाडीत चालू इंजिन, असा वापर असेल तर डिझेल घेऊच नये. डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली, काजळी जळायला साधारण 550 ते 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढे तापायच्या आत गाडी बंद झाली की जाळण्याचे काम अर्धवट राहते. ज्या इंजिनांत त्यासाठी सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडले जाते, तिथे त्यातले थोडे ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंग झिजतात. शिवाय डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे युरियाचे पाणी, उणे 11 अंशांना गोठते. टाकीत हीटर असतो, पण तो बिघडला की खर्च जड.

आठवड्याला शेकडो किलोमीटर भरलेला ट्रेलर आणि घाटरस्ता असेल तर डिझेल. बाकीच्यांनी पेट्रोल घ्यावे, मात्र मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा दांडा किती फेऱ्या घेतो तो आकडा) 4.10 किंवा 4.30 असलेलेच.

वापरलेले डिझेल घेताना सपाट जागेवर ऑइलची कांडी ओढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी.

– एक वाचक