पहिल्या हवामान अंदाजाचे श्रेय

संपादक महाशय,

महासंगणकांवरील आपल्या लेखात १९५० साली अमेरिकेत एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणक यंत्रावर केलेल्या पहिल्या हवामान अंदाजाचे सारे श्रेय यंत्राच्या वेगाला दिले आहे, हे अपुरे वाटते. हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी व रॅग्नर फ्योर्टॉफ्ट आणि गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी त्या यंत्राला दिलेले गणित मुद्दाम सोपे केलेले होते. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाच्या हिशेबात हवेच्या हालचालीची जवळजवळ पूर्ण समीकरणे घेतली होती आणि उत्तर निघाले ते सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढण्याचे, म्हणजे अशक्यच! वारा आणि दाब यांच्या नोंदींतील किरकोळ विसंगती जलद गुरुत्व तरंगांमुळे (गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने हवेत उठणाऱ्या लाटांमुळे) अफाट फुगली होती.

चार्नी यांनी हे तरंगच समीकरणातून गाळले. उरला तो कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ साली वापरलेला नियम: हवेचे स्वतःचे गरगरणे आणि त्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्यातून तिला मिळणारे गरगरणे यांची बेरीज, म्हणजे निरपेक्ष व्हॉर्टिसिटी, हवा कुठेही गेली तरी कायम राहते. उत्तर गोलार्धात हवा उत्तरेकडे सरकली की पृथ्वीचा वाटा वाढतो, तिचा स्वतःचा तेवढाच घटतो, ती उजवीकडे वळते आणि पुन्हा दक्षिणेकडे येऊ लागते. पश्चिमी वाऱ्यांच्या मोठ्या नागमोडी लाटा यातूनच उलगडतात. एवढ्या एका नियमावर, सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या प्रवाहासाठी, ७३६ किलोमीटर अंतरावरच्या बिंदूंच्या जाळीवर तो अंदाज काढला गेला. २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले, आणि त्यातलाही बराच वेळ पंच कार्डांच्या हाताळणीत गेला.

अर्थात, तापमानातील फरकांवर पोसली जाणारी वादळे या प्रतिमानात वाढूच शकत नाहीत. आपला मोसमी वारा तर सोमालियाजवळ विषुववृत्त ओलांडतो, तिथे पृथ्वीच्या वाट्याचे चिन्हच बदलते. घर्षण आणि उष्णता हिशेबात घेतल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

लेखात हवामानशास्त्रज्ञ अकिओ अराकावा यांचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते. समीकरण व्हॉर्टिसिटी राखत असले तरी जाळीवरची आकडेमोड ती राखेलच असे नाही. काळाचा टप्पा कितीही लहान घेतला तरी अशी आकडेमोड अखेर कोलमडू शकते, हे नॉर्मन फिलिप्स यांनी १९५९ साली दाखवले होते. म्हणजे यंत्र वेगवान असते तर ती लवकर कोलमडली असती, इतकेच. अराकावा यांनी १९६६ साली बिंदूंमधील फरकांची मांडणी अशी बसवली की व्हॉर्टिसिटीच्या वर्गांची बेरीज आणि गतिज ऊर्जा या दोन्ही जाळीवरही टिकून राहिल्या, आणि दीर्घ मुदतीची गणिते त्यामुळे स्थिरपणे चालवता येऊ लागली.

— भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली