मंत्रीमहोदय, ते पोर परत भट्ट्यावर गेलं

मा. श्रममंत्री,
मध्य प्रदेश शासन

सादर नमस्कार.

काल दुपारी फोनवर संदेश आला, ‘आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है.’ मी जिन्यातच बसले. कारण ते निराकरण मी सकाळीच डोळ्यांनी पाहून आले होते. नऊ वर्षांचं पोर शहराबाहेरच्या वीटभट्ट्यावर ओणवं होऊन कच्च्या विटा पलटत होतं. शेजारी आई चिखल मळत होती. तीन महिन्यांपूर्वी याच कुटुंबाला बंधुआ मजुरीतून, म्हणजे पेशगीच्या (आगाऊ रकमेच्या) बदल्यात राबवणाऱ्या वेठबिगारीतून, जीपमध्ये घालून सोडवून आणलं होतं, फोटोही निघाले होते. तेव्हा एक साहेब मला म्हणाले, “मॅडम, आठ दिवसांत मुक्ती प्रमाणपत्र.” म्हणजे वेठीतून सुटल्याचा सरकारी कागद. साहेबांची बदली झाली. आता दुसऱ्या कुणाला तरी आठ दिवस सांगत असतील.

हे कुटुंब सहरिया आदिवासी. बापाने दिवाळीनंतर १५ हजार पेशगी घेतली (पुण्याकडे याला उचल म्हणतात, फास तोच). मजुरी हजार विटांमागे. वहीत नाव एकट्या बापाचं, हात पाच जणांचे. पीठ, मीठ, तापाची गोळी, सगळं त्याच वहीत चढतं. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पेशगी फिटलेली नसतेच, वर काहीतरी निघतंच.

नवे साहेब म्हणाले, “बंधुआ कुठे आहेत? साखळी दिसली का तुम्हाला?” साहेब, साखळी सिनेमात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भगवतींनी १९८३ सालीच सांगून ठेवलं की सक्तीची मजुरी सिद्ध झाली तर ती आगाऊ रकमेपोटीच आहे असं धरून चालायचं, आणि तसं नसेल तर ते मालकाने दाखवायचं. इथे मात्र पुरावा द्यायचा नऊ वर्षांच्या पोराने. बंधुआ मजुरी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, म्हणजे बहुधा साहेबांच्या जन्माआधीचा. त्या कायद्याने ती पेशगी कधीच बुडीत झाली आहे. पण प्रमाणपत्र हातात नसेल तर ही गोष्ट बापाने मालकाला सांगायची कशी? प्रमाणपत्र असतं तर ३० हजारांपर्यंत तातडीची मदत होती, मुलाच्या वाट्याला २ लाख होते. ते नव्हतं, म्हणून घरातलं पीठ संपलं तेव्हा मालकाचाच ट्रॅक्टर दारात आला.

आता माझंही ऐका. वय ६८. दोन्ही गुडघे गेलेत. जनसुनवाईच्या (सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या) अकरा मंगळवारी जनकगंजातून ऑटो करून आले, जायचे दीडशे, यायचे दीडशे, पेन्शनीतून. बाकावर बसले की शिपाई म्हणणार, “माताजी, उधर.” उधर गेले की तिथला म्हणणार, “इधर नहीं.” एकदा रक्तदाब वाढून तिथेच भोवळ आली. पाणी कुणी दिलं? माझ्यासारख्याच दुसऱ्या एका तक्रारदाराने. मुलगा पुण्याहून ओरडतो, “आई, तुला काय करायचंय?” छत्तीस वर्षं पटावर नावं लिहिली हो मी. त्यातली किती पोरं दिवाळीनंतर गैरहजर व्हायची आणि मी लाल शाईने नुसता ‘अ’ मारून मोकळी व्हायचे! ते आता झोपू देत नाही, हे मुलाला कसं सांगू?

तुमचे आकडे मात्र झकास. २०१६ साली दिल्लीने जाहीर केलं, २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख बंधुआ मजूर सोडवू. आणि १९७८ पासून आजवर सोडवले किती? तीन लाखांच्या थोडे वर. मी प्राथमिकची बाई, भागाकार येतो मला. या चालीने अडीच हजारांहून जास्त वर्षं लागतील. तोवर फाइल जपून ठेवा, वाळवी फार आहे. आणि मालकाला शिक्षा? जास्तीत जास्त तीन वर्षं आणि २ हजार रुपये दंड. सत्तरच्या दशकात दोन हजार म्हणजे रक्कम होती. आज तेवढ्यात एक ट्रॉली वीटसुद्धा येत नाही.

त्या विटांचं ग्वाल्हेर केवढं वाढलं! नव्या कॉलन्या, नवे पूल, खांबाखांबावर तुम्हा लोकांचे हसरे चेहरे. माझ्या गच्चीवरची खोली गेल्या वर्षी वाढवली. विटा कुठल्या भट्ट्याच्या, मीही विचारलं नाही. कोण विचारतो? आमची मराठी मंडळी गणपतीत बालमजुरीवर देखावा करतात, पहिलं बक्षीस घेतात, आणि मांडवात चहा आणून देतो तोही दहा वर्षांचाच.

मागायचं राहिलंच. बंधुआ मजुरीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, ते लेखी कळवा. त्या पाचही जणांची प्रमाणपत्रं द्या. मालकावर गुन्हा नोंदवा, ‘बालमजुरी’ची हलकी चिठ्ठी लावून नको, बंधुआ मजुरीच्याच कायद्याखाली. आणि त्यांना पुन्हा जीपमध्ये बसवाल तेव्हा फोटोवाल्याच्या आधी रेशनवाल्याला बोलवा.

येत्या मंगळवारी मी येते आहे, बारावी खेप.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. पोराचं नाव पाचवीच्या पटावर अजून आहे. काल त्याची हजेरी लागली आहे. कुणी लावली, तेवढं शोधा.