चोडणचे पक्षी, पेडण्याचा दशावतार आणि तुझे २५ हजार

म्हापसे, गोवा
मे अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. २५ हजारांत सोनीचा जुना, खिशात मावणारा आरएक्स१०० घ्यावा की १८-१०५ मिमी झूम लेन्ससकट मिळणारा जुना निकॉन डी७००० (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डीएसएलआर), हा तुझा मुख्य प्रश्न. पण त्याच पत्रात खाली लिहिलं आहेस की पेडण्याकडचे दशावतार रात्री टिपायचेत, चोडण बेटावर पक्षी काढायचेत आणि घरच्या कार्यात हाताशी काहीतरी हवं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या खालच्या ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आधी सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीचं. आरएक्स१०० हा २०१२ चा कॅमेरा, त्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा. डी७००० हा २०१० चा, त्याचा २३.६ × १५.६. म्हणजे क्षेत्रफळात तिपटीहून थोडा मोठा. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात आणि डीएसएलआरच्या नावाने कौल देतात. पण सेन्सरपर्यंत प्रकाश आणायचं काम लेन्सचं आहे. सोनीची लेन्स सर्वांत रुंद कोनात एफ/१.८ उघडते, निकॉनची १८-१०५ तिथे एफ/३.५; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. सोनीचं तोंड जवळजवळ चौपट प्रकाश आत घेतं. सेन्सरची तिप्पट आणि तोंडाची चौपट समोरासमोर ठेवलीस तर रुंद कोनात खिशातला कॅमेरा तसूभर पुढेच निघतो. झूम करायला लागलास की मात्र सोनीचं तोंड झपाट्याने लहान होतं आणि शेवटच्या टोकाला एफ/४.९ वर येतं. तेवढ्याच झूमला निकॉनची किट लेन्सही, म्हणजे सोबत मिळणारी १८-१०५, साधारण एफ/५ च्या आसपास असते. तिथे तोंडं सारखी, म्हणून मोठ्या सेन्सरचा सगळा फायदा निकॉनच्या पदरात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: डी७००० घेऊन त्यावर १८-१०५ च कायम लावून ठेवणार असशील तर तो घेऊ नकोस. पाऊण किलोहून जड बॉडी, वर ४२० ग्रॅमची लेन्स, आणि एवढं वजन वागवून रुंद कोनात २४० ग्रॅमच्या आरएक्स१००पेक्षा जास्त काही हाती लागत नाही. डीएसएलआरचा अर्थ लेन्स बदलण्यात आहे. तुझ्या बाबतीत अर्थ आहे, कारण तुझ्या यादीतली दोन कामं अशी आहेत की ती दोन वेगळ्या लेन्सशिवाय होतच नाहीत.

दशावताराला निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स लाव. ही २००९ ची, २०० ग्रॅमची छोटी लेन्स आहे आणि डी७०००वर तिचा कोन जुन्या फिल्मवरच्या ५० मिमीसारखा पडतो. किट लेन्स त्याच कोनाला एफ/४ च्याही पुढे गेलेली असते, म्हणजे ही निदान पाचपट प्रकाश देते. मंडपात हल्ली एलईडी असतात आणि स्वस्तातले एलईडी घरगुती विजेबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर १/२५० सेकंद ठेवून काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळवंडलेला, एकावर आडवे पट्टे, असं होतं. शटर १/१०० वर ठेवलंस की लुकलुक पोटात जाते. मॅन्युअल मोड, १/१००, एफ/२, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात, फार तर ३२००. नाचाची गिरकी धूसर येईल, ती येऊ दे. पात्र क्षणभर थबकतं तेव्हा दाब.

इथे एक खुबी सांगतो. दशावतारातला संकासुर येतो तो नखशिखांत काळ्यात. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा त्या काळ्याला राखाडी करायला बघतो आणि मागचा उजळ पडदा पार जळून पांढरा होतो. उलट रंगवलेल्या उजळ चेहऱ्याचं पात्र आलं की ऑटो चेहरा मारून टाकतो. म्हणून मॅन्युअल. एकदा चेहऱ्यावरून माप ठरवायचं आणि दिवे बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. तो दोन्ही कॅमेऱ्यांत आहे, पण डी७००० १४ बिटचा रॉ देतो आणि सावलीतला तपशील त्यातून बराच वर काढता येतो.

आता चोडण. रायबंदरहून फेरीबोट धरून तू सलीम अली अभयारण्यात जाशील. तिथे खंड्या खारफुटीच्या फांदीवर बसलेला असतो आणि तुझी होडी हलत असते. आरएक्स१००चं झूम १०० मिमीला संपतं, पक्षी फोटोत मुगाएवढा येईल. त्यावर उपाय म्हणून लांब झूमचा दुसरा कॉम्पॅक्ट घेऊ का, असंही तू विचारलंस. त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर ६.१७ × ४.५५ मिलिमीटरचा, म्हणजे डी७०००च्या तेराव्या हिश्शाचा. भर उन्हात तो ठीक चालतो, सकाळी साडेसहाला खारफुटीच्या सावलीत पिसांचा लगदा करतो. डी७०००वर ७०-३०० लेन्सचा कोन ४५० मिमीसारखा मिळतो, वर ३९ बिंदूंचा फेज डिटेक्शन फोकस आणि सेकंदाला ६ फोटो. होडीत शटर १/१००० च्या खाली आणू नकोस. लेन्समधलं व्हीआर (थरथर रोखणारी सोय) तुझ्या हाताचं हलणं थोपवतं, पक्ष्याचं नाही.

पण ७०-३०० घेताना नावातली अक्षरं नीट वाच, कारण नेमकी इथे माणसं फसतात. तुला हवी ती एएफ-एस ७०-३०० व्हीआर, २००६ साली आलेली, ७४५ ग्रॅमची. दिसायला नवी, हलकी आणि बऱ्याचदा स्वस्त मिळणारी एएफ-पी ७०-३०० डी७०००वर फोकसच करत नाही. बसते बरोबर, चालत नाही. उलट डी७०००च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, म्हणून ५० मिमी एफ/१.८ डी सारख्या जुन्या लेन्सेस त्यावर ऑटोफोकस करतात. कोणी डी३२०० दाखवून "२४ मेगापिक्सेल आहे, हाच घ्या" म्हणालं तर लक्षात ठेव, त्यात ती मोटर नाही.

आरएक्स१०० तुला वाईट म्हणून सांगत नाही. देवळात भजन-कीर्तन चालू असताना त्याचं शटर जवळजवळ ऐकूच येत नाही. डी७०००मध्ये कमी आवाजाचा क्यू मोड आहे, तरी आरसा वर-खाली होतो आणि शेजारचा मान वळवतो. घरच्या कार्यात लहान मुलं खिशातल्या कॅमेऱ्याला बुजत नाहीत, हाही मोठा गुण आहे. त्याचं दुखणं गोव्यातच जास्त वाढतं. चालू-बंद करताना लेन्सची नळी पुढे-मागे होते आणि ती भात्यासारखी हवा आत ओढते. त्या हवेबरोबर खिशातला कापसाचा धागा, हणजूण-मोरजीची वाळू, सगळं आत जातं. वाळूचा एक कण नळीच्या फटीत अडकला की ती अर्ध्यावर थांबते, आणि मग सहसा लेन्सचा अख्खा भागच बदलावा लागतो. इतक्या जुन्या कॅमेऱ्याला तो खर्च परवडत नाही. सेन्सरवर धूळ बसली तरी तीच गत, कारण आत फुंकायला वाट नाही. डीएसएलआरमध्ये लेन्स काढायची, बॅटरी पूर्ण भरलेली ठेवून मेनूतून आरसा वर करायचा, तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने फुंकायचं, काम झालं.

आता जुना माल बघायला जाशील तेव्हा काय काय बघायचं ते. एक छोटा, पण झगझगीत टॉर्च आणि तुझं स्वतःचं एसडी कार्ड ने. लेन्स हातात घेतलीस की दोन्ही झाकणं काढ. टॉर्च मागून तिरका धर आणि पुढून बघ, मग उलट कर. धुळीचे चार ठिपके चालतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. कडेपासून आत पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर ती बुरशी. किती का स्वस्त असेना, घेऊ नकोस. बुरशी जिथे वाढते तिथे काचेवरचा लेप आम्लाने खाते, आणि नंतर साफ केली तरी तिची नक्षी काचेवर उमटलेली राहते. काच अख्खीच दुधाळ दिसली तर तीही ठेव बाजूला. मग लेन्सच्या मागच्या बाजूची अ‍ॅपर्चरची छोटी दांडी बोटाने सरकवून सोड. पाती टप्पकन मिटली पाहिजेत. आळसावून मिटत असतील तर त्यांवर तेल आलं आहे, आणि तुझे एफ/८ चे सगळे फोटो जास्त उजळ येतील. झूमची कडी कानाशी धरून फिरव. कचकच ऐकू आली तर आत वाळू आहे.

बॉडीत तुझं कार्ड घाल आणि एक जेपेग काढ. घरी येऊन त्या फाइलची एक्झिफ माहिती (फोटोबरोबर साठवलेली नोंद) वाच, निकॉन त्यात शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं ते, लिहितो. डी७०००चं शटर दीड लाखांसाठी तपासलेलं असतं. ६०-७० हजारांपर्यंत मी निर्धास्त घेईन. एक लाखाच्या पुढे गेला असेल तर किंमत पाडून माग. मेनूत बॅटरी इन्फो बघ, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ आकड्यांत दिसतं. ४ दिसलं तर नवी बॅटरी घ्यावी लागणार, ते पैसे आत्ताच वळते कर. कार्डाचे दोन्ही खाचे चालतात का ते पाहा. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोकसबाहेरचा फोटो काढ, सेन्सरवरचे डाग काळे ठिपके होऊन दिसतात. ब्लोअरने जाणारे असले तर घाबरू नकोस. मुठीवरचं रबर फुगून सुटलेलं असतं, ते चिकटवता येतं.

आरएक्स१०० बघायला गेलास तर तो दहा वेळा चालू-बंद कर. नळी सरळ आली पाहिजे, खरखर नको, आणि लेन्सवरची पापणी पूर्ण उघडली पाहिजे. मग झूम शेवटपर्यंत नेऊन एफ/११ ला तोच भिंतीचा फोटो. ठिपके दिसले तर तिथूनच परत फीर.

डी७००० घरी आणलास की एक संध्याकाळ फोकस जुळवण्यात घाल. वर्तमानपत्र टेबलावर ४५ अंशांत तिरकं ठेव, मधल्या एका ओळीवर पेनाने रेघ मार, कॅमेरा तिपाईवर, ३५ मिमी एफ/१.८ वर, मधला फोकस बिंदू त्या रेघेवर. फोटो मोठा करून बघ. रेघेच्या पुढची अक्षरं तीक्ष्ण असतील तर लेन्स पुढे पकडते आहे. सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून आहे, −२० ते +२०. पाच-पाच घरं सरकवत पुन्हा काढ. प्रत्येक लेन्सचा आकडा बॉडी वेगळा लक्षात ठेवते. हे न केल्यामुळे "जुना डीएसएलआर मऊ फोटो देतो" असा बोल लागतो.

आणि पाऊस तोंडावर आहे, त्यामुळे हे सगळ्यांत कळकळीने लिहितो. बुरशीला ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली की ती जागी होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातसुद्धा तेवढी असतेच. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी बॅग, विशेषतः चामड्याची, ओल धरून ठेवते. ती फक्त प्रवासाला वापर. घरी रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा १०-१५ लिटरचा प्लास्टिकचा डबा आण, आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) ठेव आणि अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल सुती पिशवीत. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. ३० च्या खाली नेऊ नकोस, रबर आणि वंगण सुकतं. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापव, पुन्हा नारिंगी होतात. निळे दाणे घेऊ नकोस, त्यांत कोबाल्ट असतं. तांदूळ नकोत, त्यांचं पीठ लेन्समध्ये जातं. डांबरगोळ्याही नकोत. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून पाच-दहा फोटो काढ, आतली हवा हलली पाहिजे. एसीतून थेट अंगणात नेलास तर काचेवर दव धरतं, म्हणून आधी झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेर ठेव. किनाऱ्यावरून आलास की गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने बॉडी पुस, मग कोरड्याने. लेन्स किनाऱ्यावर किंवा फेरीबोटीच्या कठड्यापाशी बदलायची नाही.

माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवाला, मात्र ७०-३०० घेऊन देवकीकृष्णाच्या मैदानाबाहेर, लांब उभा राहा. त्या चिखलात यातला कुठलाच कॅमेरा टिकणार नाही.

तर तुझ्या पैशांचं असं कर: डी७०००ची नुसती बॉडी मागून बघ, विकणारा १८-१०५ सोडायला तयार नसेल तर तीही घे, दिवसाच्या कार्यांना चालेल. पण ३५ मिमीचे आणि डब्या-सिलिकाचे पैसे आधी बाजूला काढ. ७०-३०० नोव्हेंबरपर्यंत थांबू शकते, चोडणचे पाहुणे पक्षी तेव्हाच येतात. ती बघायला जाण्याआधी लेन्सच्या अंगावरच्या नावाचा फोटो मला पाठव. एएफच्या पुढे एस आहे की पी, ते बघून लगेच कळवतो.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र