हिवाळ्यात वाट दाबून ठेवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे. ज्या वाटेवरून आम्ही हिवाळाभर सायकली दामटतो ती वाट कोण तयार करतं, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. बर्फ पडून गेला की तुम्ही स्नोशू, म्हणजे पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, चढवून निघता, तोच पट्टा जाता-येता तुडवता, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला ट्रेल आयता मिळतो. त्याबद्दल मनापासून आभार. पण तेवढ्यावर थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. बर्फात सायकल कशी चालवायची हे शिकवणारे तुमच्याशिवायही भेटले असते. कधी चालवायची नाही, हे मात्र फक्त तुम्ही शिकवलंत.

पहिल्यांदा तुमच्यासोबत वाट दाबायला आले तेव्हा मला वाटलं होतं, दाबून झाली की लगेच चालवायची. तुम्ही म्हणालात, "आज दाबायची, उद्या चालवायची." ताज्या बर्फात हवाच जास्त असते. पायाखाली तो दबला की कण एकमेकांना भिडतात, आणि थंडीत काही तास तसेच राहू दिले की एकमेकांना धरून घट्ट होतात. त्या आधी टायर घातला तर चाकोरी पडते, बूट घातला तर खड्डा पडतो, आणि रात्री गोठला की तो खड्डा पुढचा बर्फ पडेपर्यंत तिथेच राहतो. कलत्या उतारावर तर तुम्ही किती वेळ घालवता! वरच्या अंगाचा बर्फ खाली ओढायचा, खालची कड पुन्हा पुन्हा तुडवायची, वाट सपाट झाली की नाही ते वाकून बघायचं. तिथून चाक न घसरता पुढे निघतं तेव्हा दर वेळी तुमची आठवण होते.

हवेचं गणित तर मी अजून प्रत्येक नव्या माणसाला तुमच्याच शब्दांत सांगते. साधा ट्रेलचा टायर सुमारे अडीच इंच रुंद, त्यात वीस-पंचवीस पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा. फॅट बाइकचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या आपल्या जाड टायरच्या सायकलचा, टायर चार ते पाच इंचांचा, आणि बर्फावर त्यात पाच-सहा पीएसआय पुरते, कधी त्याहून कमी. एवढ्या कमी हवेत एका पीएसआयनेही फरक पडतो. घरात २० अंश सेल्सिअसला ६ पीएसआय भरून बाहेर उणे १० अंशांत गेलं, तर टायरमध्ये जेमतेम ४ उरते. टायर फुटलेला नसतो, पंपही बिघडलेला नसतो. आतल्या हवेचा एकूण दाब दहाव्या हिश्श्याने उतरतो, पण त्या एकूण दाबात बाहेरच्या वातावरणाचाही दाब धरलेला असतो. पंपावरचा आकडा फक्त त्याच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून तो एक तृतीयांशाने खाली येतो. यावर तुमचा उपाय सोपा होता: सायकल आधी बाहेर काढून गार होऊ द्यायची आणि मगच हवा बघायची. सायकलवर बसल्यावर टायरच्या बगलेवर बारीक सुरकुती पडली पाहिजे, हे तुम्ही माझा अंगठा तिथे ठेवून दाखवलंत.

मग म्हणालात, थोडं पुढे जा, उतर आणि मागे वळून बघ. आपलाच माग बघायचा. तो इंचभराहून खोल उमटत असेल तर हवा आणखी सोडायची. तरीही खोलच उमटत असेल किंवा सायकल सरळ रेषेत जात नसेल, तर परत फिरायचं. हे "परत फिरायचं" तुम्ही इतक्या सहज म्हणालात की त्यात कमीपणा असतो असं मला कधी वाटलंच नाही.

ऊन चढलेल्या त्या दुपारचं तर काय सांगू. सगळे तयार होते, गाड्यांवरून सायकली उतरवून झाल्या होत्या. वाट वरून छान दिसत होती. तुम्ही बुटाची टाच जमिनीत रुतवलीत. वरची दोन बोटं माती लोण्यासारखी दबली आणि खाली टाच टणक थरावर आपटली. खालची जमीन गोठलेली, त्यामुळे वितळलेलं पाणी मुरायला जागा नाही. ते वरच्या मातीतच साठतं आणि पावसाळ्यातल्यापेक्षाही वाईट राड होते. अशा जागी एक सायकल गेली की चाकोरी, रात्री ती गोठली की दगडी पन्हळ, आणि दुसऱ्या दिवशी लोक ती चुकवायला बाजूने जातात, म्हणजे वाट रुंद होत जाते. तुम्ही एवढंच समजावून सांगितलंत आणि सगळ्यांना घरी पाठवलंत. दुसऱ्या दिवशी पहाटे, जमीन दगडासारखी कडक असताना, आम्ही तीच वाट चालवली आणि मागे एक ओरखडाही राहिला नाही. माझ्या मते हिवाळ्यातली सगळी अक्कल याच एका दिवसात आहे. थंडीला लोक घाबरतात, पण ट्रेलचं नुकसान होतं ते थंडी उतरल्यावर.

बाकी बारीकसारीक गोष्टी किती सांगाव्यात! निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच चढाला घाम येतो आणि उतारावर तोच घाम अंग गोठवतो. बूट एक माप सैल, कारण घट्ट बुटात मोजे कितीही जाड असले तरी बोटं बधिर होतात. बर्फ पाण्याच्या वरच्या बाजूला आधी धरतो म्हणून बाटली उलटी लावायची. दिव्याची बॅटरी आतल्या खिशात ठेवायची. फ्रीहबमध्ये, म्हणजे पेडलचा जोर मागच्या चाकाला देणाऱ्या खटक्यांच्या भागात, पातळ ग्रीस, नाहीतर ते कडाक्यात घट्ट होतं, आतले खटके धरत नाहीत आणि पेडल नुसतंच फिरत राहतं.

निव्वळ गोठलेल्या पाण्याबाबत तुम्ही कडक होतात, आणि ते बरंच झालं. लाकडी पुलाखालूनही वारा वाहतो, म्हणून तो वाटेच्या आधी गोठतो. त्यावर ना ब्रेक, ना वळण, सरळ जाऊ द्यायची. कार्बाइडचे स्टड, म्हणजे कठीण धातूचे बारीक खिळे, असलेले टायर कठीण बर्फाला धरतात, भुसभुशीत बर्फात त्यांचा काडीचा उपयोग नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. गोठलेल्या तळ्यावरून जाणारी जवळची वाट तर तुम्ही साफ नाकारलीत. एका माणसाला चालायला किमान दहा सेंटिमीटर स्वच्छ, टणक बर्फ लागतो असं धरतात, पण काठाशी मोजलेली जाडी ओढा मिळतो तिथे तेवढीच असेल याची खात्री कुणी द्यायची? आम्ही लांबून वळसा घालून गेलो.

थांब्यावर थर्मासचं झाकण फिरवता फिरवता तुम्ही अलास्कातल्या जुन्या लोकांच्या गोष्टी सांगायचात. १९८७ साली तिथे बर्फावरची इडिटाबाइक ही शर्यत सुरू झाली, तेव्हा रुंद टायर बाजारात मिळतच नव्हते, म्हणून लोक नंतर चाकाच्या दोन रिम शेजारी शेजारी जोडून वेल्ड करू लागले. कारखान्यात तयार झालेली फॅट बाइक, सर्ली या कंपनीची पग्सली, आली ती २००५ मध्ये. आपल्या हातातली सायकल आयती आलेली नाही, कुणीतरी गोठत्या हातांनी ती घडवली आहे, हे मला त्या गोष्टींतून कळलं. वाटेचंही तसंच आहे.

ताई, यंदा मी माझे स्वतःचे स्नोशू घेतले आहेत. बर्फ पडला की मला निरोप द्या. वरच्या वळणांपासून ओढ्यापर्यंतचा पट्टा माझ्याकडे सोपवा, तुम्ही फक्त त्या कलत्या उताराकडे बघा. तो अजून मला नीट जमत नाही, आणि तो मला तुमच्याकडूनच शिकायचा आहे.

तुमची,
तुमच्या मागून सायकल चालवणारी एक जण